तीनदा धुतलेलं मीठ

जरा कल्पना करा. तुमच्यासमोर एक लाकडी टेबल आहे. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली फरशीचा तुकडा सरकवलेला. टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदाच्या चौतीस पुड्या मांडल्यात. प्रत्येक पुडीत चिमूटभर मीठ, आणि पुडीवर ज्याचं त्यानं आपलं नाव घातलेलं. तुमचं नाव कुठल्या पुडीवर आहे ते नीट बघून ठेवा, कारण आता बाई त्या मिठावर औषधाचा एक एक थेंब टाकणार आहेत. मीठ निळं झालं तर चांगलं. पांढरंच राहिलं, तर...

तर काय, असं तुम्ही विचारणारच. त्या दिवशी वर्गातल्या मुलांनीही विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, ते शेवटी सांगेन. रंगवून शिकवायची मला तेव्हापासून हौस.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागा संपून डोंगराचा चढ सुरू होतो तिथं आमची दोन खोल्यांची शाळा होती. जूनमध्ये मी तिथं बदलून आले आणि ही गोष्ट त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची. शनिवार होता, म्हणजे सकाळची शाळा. चौथीचा धडा होता जीवनसत्त्वं आणि खनिजं यांचा. धडा वाचून दाखवला की मुलं जांभया द्यायची, म्हणून मी आठवडाभर त्याची तयारी केली होती. कोण गाजर घेऊन आलं होतं, कोण आवळे, कोण शेवग्याचा पाला. खनिज म्हणजे खाणीतून निघतं ते, असं सांगितल्यावर नामदेव नावाच्या एका वात्रट मुलानं उभं राहून विचारलं होतं, "म्हणजे बाई, आपण दगड खायचे का?" सगळा वर्ग हसला. मग मी त्यांना रक्तातलं लोखंड सांगितलं, हाडांतला चुना सांगितला, आणि शनिवारसाठी सगळ्यात गमतीचं राखून ठेवलं ते आयोडीन. आरोग्य केंद्रातल्या माणसाकडून मीठ तपासायची अंगठ्याएवढी बाटली मी मागून आणली होती. तिच्यासोबत एक माहितीचं पुस्तकही त्यानं दिलं होतं.

पुड्या उघडल्या. पहिला थेंब पडला आणि मीठ जांभळट निळं झालं. मुलं बाकांवरून उठून टेबलाभोवती गोळा झाली. त्यांत उज्ज्वलाही होती, कडेवर भाऊ घेऊन.

उज्ज्वला दहा वर्षांची. सावळी, काटकुळी, आणि वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी. तिच्या भावाला सगळे गोटू म्हणत. तो चार वर्षांचा होता, पण दोन-अडीचचा वाटायचा. चालायला उशिरा लागला होता. त्याला ऐकू येत नव्हतं आणि तो बोलत नव्हता. आई केळीच्या बागेत कामाला जायची, बाप ट्रकवर, म्हणून उज्ज्वला त्याला रोज शाळेत आणायची. तो पाटीवर रेघा ओढत तिच्या पायाशी बसून राहायचा. त्याचा कधीच त्रास नव्हता. मला वाटायचं, किती शहाणं मूल आहे.

एकामागून एक पुड्या निळ्या होत होत्या. प्रत्येक निळ्या पुडीला गोटू टाळी वाजवायचा. मी थेंब टाकता टाकता सांगत होते की आपल्या डोंगरावरच्या मातीत आयोडीन उरलेलंच नाही. हजारो वर्षांच्या पावसानं ते धुऊन नेलं, नदीला मिळालं, नदीनं समुद्राला दिलं. म्हणून इथल्या भाजीत नाही, धान्यात नाही, विहिरीच्या पाण्यात नाही. म्हणून कारखान्यात ते मिठावर फवारतात. आणि लागतं तरी किती? सुईच्या टोकावर मावेल एवढं रोज. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यात सगळं मिळून फक्त एक चमचाभर. तो आकडा सांगताना मी जादूगारासारखा एक चमचा काढून दाखवला. मुलांचे डोळे विस्फारले. मला फार बरं वाटलं.

मग उज्ज्वलाची पुडी आली. थेंब पडला आणि मीठ पांढरंच राहिलं.

मी बाटली हलवून दुसरा थेंब टाकला. तरी पांढरंच. नामदेव म्हणाला, उजीचं मीठ रुसलंय. उज्ज्वला चिडली. आमचं मीठ हेमराजशेठच्याच दुकानातलं आहे, त्याच गोणीतलं, नाम्याच्या आईनं आणि माझ्या आईनं एकाच दिवशी आणलंय, असं तिनं ठणकावून सांगितलं. वर आणखी म्हणाली, "उलट आमचं गावात सगळ्यांत स्वच्छ मीठ आहे. माझी आई तीनदा धुते."

ते खरं होतं. तेव्हा दुकानात गोणीतलं खडेमीठ मिळायचं. त्यात माती असायची, सुतळीचे धागे असायचे, कधी उंदराच्या लेंड्याही. बऱ्याच बायका ते एकदा पाण्यातून काढत. उज्ज्वलाची आई वच्छलाबाई ते रोवळीत घेऊन तीन पाणी द्यायची, मग फडक्यावर उन्हात वाळवायची. निम्मं मीठ विरघळून वाहून जायचं, पण उरलेलं मोगऱ्याच्या कळ्यांसारखं पांढरं व्हायचं. आळीतल्या बायका तिला हसत. नामदेवानं घरी ऐकलेली तीच थट्टा आता वर्गात सोडली. "बाई, उजीच्या मोरीत थेंब टाका. मोरी निळी होईल."

मुलं खिदळली. उज्ज्वला मात्र हसली नाही आणि रडलीही नाही. ती त्या पांढऱ्या मिठाकडे बघत उभी होती. मग तिनं हळूच विचारलं, "बाई, डोंगरावरून धुऊन जातं, तसंच का?"

मुलांनो, शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख नसतं. सांगितलेल्या एका गोष्टीवरून मुलानं दुसरी गोष्ट आपली आपण ओळखावी, यासाठीच तर सगळा खटाटोप. मी तिची पाठ थोपटली. शाब्बास म्हटलं. सगळ्या वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या चालू असतानाच कुणीतरी मघाचा प्रश्न पुन्हा विचारला की पांढरं राहिलं तर काय होतं?

मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. आयोडीन कमी पडलं तर गळ्याशी गाठ येते, तिला गलगंड म्हणतात. माणूस सुस्त होतो. आणि पोटात बाळ असताना आईला आयोडीन फारच कमी मिळालं, तर ते बाळ खुरटं राहू शकतं, त्याला ऐकू न येणं, बोलता न येणं...

तिथं माझा आवाज थांबला. पण तोपर्यंत तेहतीस माना वळल्या होत्या. सगळा वर्ग गोटूकडे बघत होता. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हणून गोटूला आनंद झाला, आणि त्यानं पुन्हा टाळी वाजवली.

मी पुस्तक मिटलं. आवळे वाटून टाकले. वेळेआधीच घंटा दिली.

मुलं गेली तरी उज्ज्वला पायरीवर बसून होती. गोटू तिच्या दप्तराचा बंद चघळत होता. मी शेजारी जाऊन बसले. काय बोलावं हे मी ठरवत होते, तोच तिनं विचारलं, की उद्यापासून न धुतलेलं मीठ घातलं तर गोटू बोलायला लागेल ना?

मी तिला सांगितलं की मूल असं होण्याची पुष्कळ कारणं असतात. गोटूच्या बाबतीत नेमकं काय झालं हे मला माहीत नाही, बहुतेक डॉक्टरलाही आता सांगता येणार नाही.

"पण हेच असेल?"

"असू शकेल."

"मग आता ते दिलं की बरा होईल."

मी बोटांना लागलेला खडू पुसत राहिले. तिला वाटलं मी हिशेब करतेय. ती जरा सरकून जवळ आली आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, सगळ्या आयुष्याचं मिळून एक चमचा. मग मी त्याला तो चमचा एकदम देते. राहिलेलं सगळं भरून निघेल."

माझ्याच वर्गात, माझ्याच तोंडून गेलेला तो चमचा तिनं माझ्यासमोर धरला होता. पुस्तकात पुढची ओळ होती, ती मी वर्गात वाचली नव्हती. हे नुकसान नंतर भरून येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी तिला सांगितलं, एकदम दिलं तर त्याला अपाय होईल. तिनं विचारलं, मग थोडं थोडं? मी म्हटलं, थोडं थोडं दिल्यानं त्याची तब्येत सुधारेल कदाचित, पण बोलणं येणार नाही.

"कधीच?"

पोरांच्या प्रश्नाला उत्तर नाही, असं माझ्या नोकरीत तोवर घडलं नव्हतं. इथं उत्तर होतं, तेच नकोसं होतं. मी नकारार्थी मान हलवली.

तिनं गोटूच्या तोंडातून दप्तराचा बंद काढून घेतला, त्याची लाळ फ्रॉकच्या टोकानं पुसली. मग म्हणाली, "आईला सांगू नका."

मी म्हटलं, नाही सांगणार. तिच्या आईच्या हातून जे झालं असेल ते अजाणता झालं होतं, आणि आता सांगून काय उपयोग होता? पण उज्ज्वला उठली नाही. पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत राहिली. मग खाली बघतच तिनं मला सांगितलं की आईला पुन्हा दिवस गेलेत, चौथा महिना लागलाय.

मी ताबडतोब उठले आणि तिच्याबरोबर तिच्या घराकडे निघाले.

वच्छलाबाई अंगणात होती. बाजेवर धोतराचं जुनं फडकं पसरून ती त्यावर मीठ वाळत घालत होती. मला बघून तिनं लगबगीनं पदर सारखा केला, गळ्यावरून घेऊन खांद्यावर खोचला. पण तेवढ्यात मला तिच्या गळ्याची गाठ दिसली. लिंबाएवढी होती. बाई घरी आल्या म्हणून तिला अप्रूप वाटलं. चहा ठेवते म्हणाली, मी नको म्हणत असताना आत जाऊन ठेवलाही. बसायला पोतं नाही, घडीची चादर टाकली. त्या घरात भांडं न् भांडं लखलखीत होतं. माठावर झाकण, झाकणावर ओलं फडकं, दाराशी पाय धुवायला पाण्याची बादली.

शनिवार म्हणून तिनं नुकतीच गोटूची दृष्ट काढायची तयारी करून ठेवली होती. ताटलीत मीठमोहऱ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघतेय हे पाहून ती ओशाळली. म्हणाली, तुम्ही शिकलेल्या लोकांना हसू येईल, पण चार वर्षं दर शनिवारी काढते. कुणाची तरी जबर नजर लागलीय पोराला, मीठ चुलीत टाकलं की तडतडतसुद्धा नाही.

मला हसू आलं नाही. मी बोलायला सुरुवात केली. आडवळणानं मिठाचं विचारलं. तिनं कौतुकानं मूठभर मीठ माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, इतकं धूत जाऊ नका, वच्छलाबाई. खरं तर धुऊच नका. त्यात औषध घातलेलं असतं, ते पाण्याबरोबर जातं.

"कसलं औषध?"

मी सांगितलं, गळ्याचं. गळ्याची गाठ वाढू नये म्हणून.

तिचा हात आपोआप पदराखाली गेला. ती अडाणी होती पण मंद नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दारात बसलेल्या गोटूकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे. म्हणाली, "गळ्याचंच ना, बाई? का अजून कशाचं?"

उज्ज्वला चुलीपाशी कप विसळत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता सांगावं, सगळं सांगून मोकळं व्हावं. तेवढ्यात उज्ज्वलाच बोलली, पाठमोरीच. "गळ्याचंच, आई. वर्गात सांगितलं बाईंनी. नाम्याला विचार पाहिजे तर."

वच्छलाबाईचा चेहरा सैल झाला. ती हसलीसुद्धा. म्हणाली, गळ्याचं असेल तर असू दे मेलं, मला काय आता सोयरीक जमवायचीय? गाठ काही दुखत नाही, खुपत नाही. पण ती गोणीतली घाण मी पोरांच्या पोटात घालणार नाही.

मग तिनं मला ते सांगितलं, जे गावात नव्यानं आल्यामुळे मला माहीत नव्हतं. उज्ज्वलाच्या आधी तिला एक मुलगा होता. सव्वा वर्षाचा होऊन हगवणीनं गेला. तालुक्याच्या डॉक्टरनं तिला झापलं होतं की काहीतरी घाण पोटात गेली, तुम्ही लोक धूत नाही, झाकत नाही. तेव्हापासून ती सगळं धूत आली. पालेभाजी, भांडी, पोरांचे हात. आणि मीठही. तीनदा.

मी पाकिटातलं मीठ तालुक्याहून आणून देते म्हटलं. ते स्वच्छ असतं, धुवावं लागत नाही. तिनं हात जोडले. मीठ कुणाच्या हातचं घेत नाहीत आमच्यात, बाई, भांडण होतं. तुमच्याशी मला भांडायचं नाही. मी म्हटलं, यजमान ट्रकवर जातात, त्यांच्याकडून विकत आणवा. ती म्हणाली, ते पिठासारखं मीठ, त्यात काय कालवलंय कुणाला दिसतं? खड्यातला कचरा निदान डोळ्यांना दिसतो.

तिला पटवायला माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती. ती दारात बसली होती, पाटीवर रेघा ओढत. ते बोललं असतं तर वच्छलाबाईनं त्या क्षणी रोवळी फेकून दिली असती. आणि मग उरलेला जन्म ती त्या पोराकडे कशी बघत राहिली असती? मी तोंड उघडलं. उज्ज्वला चहाचा कप घेऊन माझ्यासमोर आली होती. कप माझ्या हातात देईपर्यंत तिनं माझ्यावरची नजर काढली नाही.

मी चहा प्यायले. नर्सबाई आल्या की त्यांना भेटा, गळा दाखवा, एवढंच वच्छलाबाईला सांगितलं. नर्स महिन्यातून एकदा यायची, तीही नदीला पाणी नसेल तर. मी निघाले. इतकी पुस्तकं वाचली, इतके तक्ते रंगवले, आणि त्या अंगणातून एक मूठ मीठ मला हलवता आलं नाही.

मी उंबऱ्यापाशी चप्पल घालत होते तेव्हा वच्छलाबाई रोवळी घेऊन पुन्हा मिठाच्या पिशवीकडे वळली. अजून अर्धी पिशवी धुवायची राहिली होती. वाकताना तिनं कमरेवर हात ठेवला. उज्ज्वला तिच्या आडवी आली. आजपासून मीठ मी धुणार, असं तिनं आईला सांगितलं. तू वाकत जाऊ नको, चौथ्या महिन्यात जपायला पाहिजे, बाईंनीच सांगितलंय.

मी तसं काही सांगितलं नव्हतं. वच्छलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, जपा.

ती समाधानानं बाजेच्या कडेला टेकली. पोरीला ओरडून सांगितलं, तीन पाणी दे हं, दोनावर भागवू नको.

उज्ज्वला घरामागच्या दगडापाशी गेली. माझी वाट त्याच कुंपणाच्या कडेनं जात होती. कुंपण तुराट्यांचं होतं, त्यातून दिसत होतं. तिनं तांब्यानं पाणी दगडावर ओतलं, आईला ऐकू जाईल असं, उंचावरून. थोडं थांबली. पुन्हा ओतलं. पुन्हा थांबली, आणि तिसऱ्यांदा ओतलं. उरलेल्या पाण्याचा हात रोवळीच्या काठावर बाहेरून फिरवला, म्हणजे ती ओली दिसावी. मिठाला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. मग फ्रॉक गुडघ्यांत खोचून ती खाली बसली, मांडीवर फडकं पसरलं, त्यावर मीठ ओतलं, आणि एक एक खडा उचलून, उन्हाकडे धरून, त्याला चिकटलेली माती नखानं खरवडून काढायला लागली.